कोटणीसांच्या नावातलं फूल

चीनच्या हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांचं एक मोठं स्मारक उद्यान आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची समाधी तिथे आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण सर्जन ९ डिसेंबर १९४२ रोजी त्याच प्रांतातल्या एका खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी गेला. वय अवघं ३२. चीनमध्ये शाळकरी मुलांनाही तो माहीत आहे, पण ‘कोटणीस’ म्हटलं तर कुणाला बोध व्हायचा नाही. तिथे त्यांचं नाव तीन अक्षरांचं आहे : ख दिहुआ. रोमन लिपीवरून आपण ‘के दिहुआ’ असं लिहितो, पण पहिला उच्चार खऱ्या अर्थाने ‘ख’च्या जवळचा.

हे नाव मराठी माणसाने एकदा नीट उलगडून पाहावं असं आहे. विशेषतः त्यातलं शेवटचं अक्षर, ‘हुआ’. शिन्हुआ ही वृत्तसंस्था, त्सिंगहुआ हे विद्यापीठ, हुआवे ही मोबाइल कंपनी, या सगळ्यांत आपण रोज वाचतो ते हेच अक्षर. चीनमध्ये नाव ठेवताना जी अक्षरं पुन्हा पुन्हा निवडली जातात, त्यांत त्याचा नंबर फार वरचा. पुरुषांच्या नावात असतं, बायकांच्या नावातही असतं.

आधी ते कोटणीसांकडे आलं कसं, ते पाहू. १९३७ साली जपानने चीनवर सर्वंकष हल्ला चढवला. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशभर आवाहन करून निधी उभा केला आणि पाच डॉक्टरांचं पथक निवडलं गेलं : अलाहाबादचे मदनमोहन अटल, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी. पाचांपैकी दोघे आपल्या महाराष्ट्राचे, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. चोळकरांचं नाव तर नागपूरबाहेर फारसं कुणी घेतही नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघालं. कँटनच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सोंग छिंगलिंग आल्या होत्या. पुढे हानखौ करत पथक चुंगकिंगला पोचलं. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिथेच कळली आणि परत न जाण्याचा निर्णयही त्यांनी तिथेच घेतला.

चुंगकिंगलाच पाचही डॉक्टरांची चिनी नावं ठरली. ती ठेवणारा माणूस नामांकित होता. तान युन-शान हे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ‘चीन भवन’ उभारणारे विद्वान. जुन्या चिनी वाङ्मयात मुरलेले आणि भारतात राहून आपली माणसं ओळखणारे. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावं दिली आणि पाचही नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे एकच अक्षर ठेवलं. अटल झाले आय दहुआ, चोळकर झाले च्वो खहुआ, मुखर्जी मू खहुआ, बसू बा सुहुआ आणि कोटणीस ख दिहुआ.

परदेशी नाव चिनीत लिहायचं म्हणजे मोठी पंचाईत असते. आपल्याकडे ‘बेथ्यून’ असा उच्चार आला की देवनागरीत तो लिहिला, काम झालं. चिनी लिपीत निव्वळ उच्चार लिहिण्याची सोय नाही. जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो आणि वाचणाऱ्याच्या मनात तो अर्थ जागा झाल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे नाव देणारा माणूस आधी जवळच्या उच्चाराची अक्षरं गोळा करतो, मग त्यांतून शोभेलशी निवडतो. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून चीनमध्ये ‘बाय छ्यू-अन’ झाले. ‘बाय’ हे खरंखुरं चिनी आडनाव, अर्थ पांढरा. पुढच्या दोन अक्षरांचा अर्थ शोधणं आणि कृपा. कोटणीस ज्या रुग्णालयाचे पुढे पहिले संचालक झाले, ते याच बेथ्यून यांच्या नावाचं.

आता ‘कोटणीस’ या आडनावाचं काय झालं ते पाहा. चिनी ‘दि’ आपल्या कानाला ‘ति’सारखाच लागतो. म्हणजे ‘ख-दि’मध्ये ‘को’ आणि ‘ट’ शिल्लक राहिले. राहिला ‘नीस’. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांच्यातला हा ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’ची, लिहिणाऱ्याची, झिजलेली खूण. कोटाचा, म्हणजे किल्ल्याचा, हिशेब लिहिणारा तो कोटणीस. तान युन-शान यांनी किल्ल्याचा कारकून वगळला आणि त्याच्या जागी ‘हुआ’ बसवला. उच्चाराच्या दृष्टीने इथे ‘हुआ’ येण्याचं काहीच कारण नव्हतं. तो आला तो केवळ अर्थासाठी.

अर्थ पाहण्याआधी पहिली दोन अक्षरं डोळ्यांखालून घालू, कारण गंमत तिथूनच सुरू होते. ‘ख’ हे अक्षर दोन भागांचं आहे. डावीकडे झाडाची खूण : एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी आणि खाली दोन्ही बाजूंना तिरक्या मुळ्या. उजवीकडे एक दुसरं अक्षर, त्याचं काम फक्त उच्चार सांगण्याचं. बहुतेक चिनी अक्षरं अशीच घडलेली असतात. एक भाग म्हणतो, मी कशाच्या कुळातला, दुसरा म्हणतो, मला असं वाचा. ‘ख’चा अर्थ झाडाची फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा आणि ते चिनी आडनावही आहे. म्हणून सैनिक त्यांना सहज ‘लाओ ख’ म्हणू शकत, आपण ‘अहो कोटणीस’ म्हणावं तसं. ‘दि’ या अक्षरातही डावीकडे तीच झाडाची खूण. हे वसंतात गुच्छागुच्छांनी फुलणारं एक लहानसं झाड. भाष्यकार ते रानटी चेरीच्या जातीचं मानतात. आणि ‘हुआ’, त्याच्या जुन्या रूपात, डोक्यावर गवताची खूण घेऊन येतं. फांदी, झाड आणि फूल. सोलापूरच्या डॉक्टरचं अख्खं नाव वनस्पतींचं झालं.

हे योगायोगाने झालं असं मला वाटत नाही, कारण ‘दि’ आणि ‘हुआ’ ही दोन अक्षरं शेजारी आली की शिकलेल्या चिनी माणसाला एक अतिप्राचीन कविता आठवते. ‘शिजिंग’ हा ३०५ गीतांचा संग्रह, चिनी काव्याचा मूळ झरा. त्यातल्या एका गीताची सुरुवात याच ‘दि’च्या फुलांनी होते आणि विषय आहे भावंडांचा. एका देठावर गुच्छाने उमलणारी फुलं पाहून कवीला सख्खे भाऊ आठवतात. संकटात, मरणाच्या दारात, भावाला भाऊच येतो. घराच्या भिंतींआड भाऊ भांडतील, पण बाहेरच्याने हात घातला तर एकत्र उभे राहतील, असा त्याचा आशय. जपानी आक्रमणाच्या काळात चीनमधले राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट आपापसांतलं वैर बाजूला ठेवत होते, तेव्हा याच गीतातली भिंतीची कल्पना लोकांच्या तोंडी होती. या गीतामुळे ‘दिहुआ’, म्हणजे ‘दि’चं फूल, हा चिनी भाषेत ‘भाऊ’ या अर्थाचा ग्रांथिक शब्दच होऊन बसला. हजारो मैलांवरून जखमी सैनिकांच्या मदतीला आलेल्या माणसाला हे नाव मिळालं, याहून नेमकं नाव कुणाला सुचलं असतं!

पाचही डॉक्टरांचं शेवटचं अक्षर एकच का, याचा खुलासाही चिनी रीतीत सापडतो. तिथे अनेक घराण्यांत एका पिढीच्या भावंडांच्या नावांत एक अक्षर समान ठेवतात. माओ झेदोंग यांच्या भावांची नावं झेमिन आणि झेतान. ‘झे’ सगळ्यांत आहे. सोंग छिंगलिंग यांच्या बहिणी आयलिंग आणि मेइलिंग. शेवटचं ‘लिंग’ तिघींचं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस ही नावं चिनीत एकाखाली एक लिहिली, तर वाचणाऱ्याला ती एका घरातली भावंडं वाटावीत. कुणी काश्मिरी पंडित, कुणी बंगाली, कुणी मराठी. घरचं अक्षर मात्र सगळ्यांना एकच, आणि ते होतं त्या देशाचंच नाव.

फुलाचा देश कसा झाला? ‘हुआ’चं सर्वांत जुनं रूप ब्राँझच्या भांड्यांवर कोरलेलं सापडतं : खोडावरून दोन्ही बाजूंना लवलेल्या फांद्या, त्यांना लगडलेली फुलं किंवा पानं. या चित्राचं पुढे काय झालं ते आपल्याकडच्या रांगोळीवरून कळतं. वसई तालुक्यातलं जूचंद्र रांगोळीसाठी नावाजलेलं आहे. चंडिकादेवीच्या डोंगराच्या पायथ्याच्या या गावातले कलाकार रंगांच्या भुकटीतून जिवंत वाटणारे चेहरे उभे करतात, आणि दिवाळीत लांबलांबचे लोक ते बघायला जातात. पण त्याच गावातल्या घराच्या उंबऱ्यावर सकाळी काढलेलं ठिपक्यांचं कमळ घ्या. त्यात कमळाचं कमळपण चार वळणांत उरलेलं असतं, पाकळ्या कुणी मोजत नाही आणि तरी लहान पोरही ते ओळखतं. चित्रापासून अक्षरापर्यंत ‘हुआ’चा प्रवास असाच झाला. फांद्यांच्या सरळ आडव्या रेघा झाल्या, खोडाची एक उभी रेघ राहिली, वर गवताची खूण चढली.

अर्थ मात्र उलट दिशेने फुलत गेला. फूल म्हणून बहर, बहर म्हणून तेज, तेज म्हणून वैभव आणि संस्कृती. प्राचीन चिनी लोक स्वतःला ‘हुआ-शिया’ म्हणवत. तांग काळातले भाष्यकार खोंग यिंगदा यांनी याची फोड केली आहे : आचारधर्म थोर म्हणून ‘शिया’, वस्त्रं सुंदर म्हणून ‘हुआ’. शान्शी प्रांतातल्या हुआ पर्वताशीही या नावाचा संबंध जोडतात. याच ‘हुआ’आधी ‘मध्य’ या अर्थाचं ‘चोंग’ लावलं की ‘चोंगहुआ’ होतं. १९१२ च्या प्रजासत्ताकाने हे नाव घेतलं, १९४९ च्या जनता प्रजासत्ताकानेही तेच घेतलं. एकमेकांचे वैरी असलेल्या दोन्ही राजवटींना या अक्षरावाचून भागलं नाही. इतका मोठा अर्थ अंगावर आल्यावर साध्या फुलासाठी लोकांनी वेगळं अक्षर घडवलं. पाचव्या शतकाच्या सुमाराला ते रूढ होऊ लागलं. उच्चार तोच ‘हुआ’, फक्त सूर वेगळा. आज बाजारात फुलं विकत घेताना ते दुसरं अक्षर वापरतात. आपल्या ‘हुआ’मध्ये फूल आठवणीसारखं आत राहिलं आहे.

बौद्ध ग्रंथांत मात्र त्याचा जुना अर्थ ताजा आहे, आणि इथे हे अक्षर थेट आपल्या अंगणात येतं. ‘सद्धर्मपुंडरीक’ हे संस्कृत सूत्र कुमारजीव यांनी ४०६ साली चिनीत नेलं. त्यांचे वडील भारतीय, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. पुंडरीकासाठी, म्हणजे श्वेतकमळासाठी, त्यांनी जो शब्द घेतला त्याचं शेवटचं अक्षर ‘हुआ’. जपानी भिक्षू हेच शीर्षक आपल्या उच्चाराने म्हणतात : ‘नम म्योहो रेंगे क्यो’. ‘रेंगे’ म्हणजे कमळ आणि त्यातला ‘गे’ म्हणजे आपला ‘हुआ’. वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात ढोलाच्या ठेक्यावर हा मंत्र आजही चालतो. जपानी भिक्षू फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांचे शिष्य आश्रमात राहिले आणि तिथूनच हा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत शिरला. म्हणजे चुंगकिंगमध्ये कोटणीसांना हे अक्षर मिळण्याच्या आधीच विदर्भातल्या एका आश्रमात मराठी माणसं ते तोंडाने म्हणत होती.

नावांकडे परत येऊ. कोटणीसांना हे अक्षर मिळालं त्या काळात चीनमध्ये त्याला धार आली होती. देशावर परचक्र आलेलं, अशा वेळी आईबापांनी मुलाला ‘जियानहुआ’ म्हणावं : चीन उभा कर. ‘झेनहुआ’ म्हणावं : चीनला पुन्हा उभारी दे. ‘आयहुआ’ म्हणजे चीनवर प्रेम कर. ही नावं आजही गल्लोगल्ली भेटतात. माओंनंतर सत्तेवर आलेले हुआ गुओफेंग यांचं जन्मनाव सू झू. जपानविरोधी लढ्यात उतरताना त्यांनी एका देशभक्त संघटनेच्या लांबलचक नावातून तीन अक्षरं उचलली आणि आपलं नाव घडवलं, त्यांतलं पहिलं ‘हुआ’. आडनाव म्हणून आलं की त्याचा सूर बदलतो. दुसऱ्या शतकातले दंतकथेसारखे सर्जन हुआ त्वो याच आडनावाचे. रोग्याला गुंगीचं औषध देऊन ते शस्त्रक्रिया करत अशी ख्याती आहे. १८०४ साली जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी रोग्याला पूर्ण बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली, तीही हुआ त्वोंचा वारसा मनात ठेवून. आणि ‘हानाओका’ हे आडनाव लिहिताना पहिलं अक्षर तेच. सर्जन मंडळींशी या अक्षराचं काही जुनं नातं असावं असं मनात येतं खरं, पण हा निव्वळ माझा आनंद. त्याला पुरावा मागू नये.

चुंगकिंगनंतर कोटणीस येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर, आणि तिथून उत्तरेच्या रणभूमीवर गेले. चिनी बोलायला, वाचायला शिकले आणि बेथ्यून वैद्यकीय शाळेत मुलांना चिनीतून शिकवू लागले. पथकातले बाकीचे एकेक करून परतले, ते राहिले. तिथे परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचं लग्न झालं. ‘लान’ म्हणजे ऑर्किड. नवऱ्याच्या नावात चेरीसारखं फूल, बायकोच्या नावात ऑर्किड.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव सुचवलं सेनापती न्ये रोंगचन यांनी : यिनहुआ. पहिल्या अक्षराचा मूळ अर्थ मोहर, शिक्का. त्याच्या जुन्या आकृतीत गुडघे टेकलेल्या माणसावर दाबलेला हात दिसतो. पण चिनीत भारताला ‘यिनदू’ म्हणतात, आणि नावांत ‘यिन’ म्हणजे भारत. हे ‘यिनदू’ रूढ केलं ह्युएन त्संगने. सातव्या शतकातल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने आधीची सगळी नावं चूक ठरवली आणि हे बरोबर म्हणून सांगितलं. कारणही दिलं : ‘इंदू’ म्हणजे चंद्र, अंधारात चंद्राने वाट दाखवावी तशी या देशातल्या संतांनी जगाला वाट दाखवली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे टिकत नाही, नाव सिंधूवरूनच आलं आहे. पण चिनी माणसाच्या लेखी आपला देश चंद्राचा, ही कल्पना जूचंद्रसारखी नावं आपल्या गावांना ठेवणाऱ्या लोकांनी जपून ठेवावी अशीच आहे. याच प्रवाशाने पुलकेशीच्या राज्यात येऊन आपल्या मुलखाचं नावही चिनी अक्षरांत बसवलं होतं : मो-ह-ला-छा, महाराष्ट्र. तिथे त्याला उच्चारच टिपायचा होता, अर्थाची त्याने पर्वा केली नाही.

यिनहुआ म्हणजे भारत आणि चीन. वडिलांच्या नावातलं शेवटचं अक्षर मुलाच्या नावातही शेवटचंच राहिलं. वडिलांना ते बाहेरून मिळालं होतं, मुलाला घरातून. मूल साडेतीन महिन्यांचं असताना कोटणीस गेले. यिनहुआ वैद्यक शिकत होता. १९६७ साली, डॉक्टर होण्याच्या अगदी तोंडावर, तोही गेला. छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या भारतात येत राहिल्या, कोटणीस कुटुंबाशी नातं ठेवून राहिल्या आणि २०१२ साली दालियनला वारल्या. मराठी प्रेक्षकांना त्या १९४६ च्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटातून ठाऊक आहेत. त्यांची भूमिका जयश्रीबाईंनी केली होती.

कोटणीसांच्या हयातीत हे अक्षर दहा-बारा रेघांचं होतं. १९५६ साली चिनी सरकारने लिपी सोपी केली, तेव्हा त्यातलं गवत गेलं, लवलेल्या फांद्या गेल्या. नव्या रूपात वरच्या अर्ध्या भागात ‘बदल’ या अर्थाचं एक अक्षर उच्चारापुरतं बसवलं आणि खाली अधिकचं चिन्ह ठेवलं. फुलाचं चित्र पुसलं गेलं याची हळहळ वाटते, पण लिहिणाऱ्या हाताची सोय झाली हेही खरं. १९८२ साली, मृत्यूला चाळीस वर्षं झाली तेव्हा, चीनने कोटणीसांवर तिकिटं काढली. त्यांवरचं नाव या सोप्या रूपात आहे. ‘ख’ आणि ‘दि’ मात्र होते तसेच राहिले, दोन्हींतलं झाड धरून.

ज्याला हा सोपा ‘हुआ’ लिहून पाहायचा असेल त्याला सहा रेघा पुरतात. वरून डावीकडे उतरणारी एक तिरकी. तिच्या पोटातून सरळ खाली एक उभी. उजवीकडे पुन्हा एक लहान तिरकी, मग खाली येऊन उजवीकडे वळणारी आणि टोकाशी वर उचललेली एक वाकडी रेघ. या चौघींखाली एक लांब आडवी. शेवटी तिला मधोमध छेदत खाली उतरणारी उभी.